पेटीखाली दबलेले शब्द

गाणं घरी रेकॉर्ड करायचं, नातेवाइकांना आणि मित्रांना पाठवायचं आणि मग "छान झालंय, पण शब्द कळत नाहीत, गाण्याचा आवाज वाढव" हा शेरा ऐकून घ्यायचा, असं सांगली-मिरजेत हल्ली बऱ्याच घरांत चाललेलं असतं. एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप आणि मागे लटकवलेली गोधडी, एवढ्यावर अभंग उभा राहतो. शेरा आला की गाणारा आपल्या आवाजाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर करतो. मग पेटी दबली असं कुणीतरी म्हणतं. पेटी वर. मग तबल्यात दम नाही. तबला वर. शेवटी मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजाचा, लाल दिवा लागतो आणि शब्द होते तिथेच राहतात.

ऐकणाऱ्याची तक्रार शंभर टक्के खरी मानावी. त्याने सुचवलेला उपाय मात्र जपून घ्यावा, कारण शब्द हरवण्याचं कारण बहुधा आवाजाच्या फेडरमध्ये नसतंच. ते कानात असतं.

कानाच्या आतल्या भागात शंखासारखी वळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा बॅसिलर पडदा असतो. मुळाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. आवाज आत शिरला की या पडद्यावरून मुळाकडून टोकाकडे एक लाट धावते. वाटेत ती मोठी होत जाते, आपल्या वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यावरून ठरलेल्या, जागी कळस गाठते आणि तिथून पुढे झटकन मरते. उंच सुरांची जागा मुळाशी, खर्जाची टोकाशी. ही लाट दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खरी गंमत बघा. खर्जाची लाट टोकाला पोचायची तर तिला उंच सुरांच्या जागा ओलांडूनच जावं लागतं. गणपती पेठेतून घाटाकडे निघालेली मिरवणूक जशी वाटेतल्या प्रत्येक घराच्या काचा हलवत जाते, आणि जी चार घरांवरच थांबते तिचा घाटावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही, तसंच हे. म्हणजे खालचा सूर वरच्या सुराला झाकतो, वरचा खालच्याला फारसा झाकू शकत नाही. आल्फ्रेड मेयर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ही एकतर्फी दादागिरी १८७६ मध्येच नोंदवली होती. १९२४ मध्ये वेगेल आणि लेन यांनी ती मोजून तिचे आलेख काढले. याला मास्किंग म्हणतात.

त्यात आणखी एक मेख आहे. झाकणारा आवाज जितका मोठा, तितकं त्याचं पांघरूण वरच्या बाजूला जास्त पसरतं, आणि ते सरळ प्रमाणात पसरत नाही. पेटी १० डेसिबलने वाढवली तर तिच्या वरच्या पट्ट्यांतलं झाकण १० डेसिबलपेक्षा जास्त वाढू शकतं. म्हणून सगळंच मोठ्याने वाजवलं तर शब्द जास्त स्पष्ट होतील ही आशा फोल आहे. शिवाय कान वारंवारता पट्ट्यापट्ट्यांनी वाचतो. सुमारे ५०० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्टा साधारण १०० हर्ट्झ रुंद, त्याच्या वर मधल्या वारंवारतेच्या जवळपास एक पंचमांश. एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की दांडगा जिंकतो.

आता अभंगाकडे या. स्वरांची ऊर्जा भरपूर असते, म्हणून आकार, ईकार तरून जातात. पण 'त' आणि 'क', 'स' आणि 'श' यांच्यातला फरक बराचसा २,००० हर्ट्झच्या वर ठरतो आणि तिथे व्यंजनांचा जीव एवढासा. खालून पेटी अखंड सूर धरून बसलेली. परिणामी गाणं ऐकू येतं, चाल कळते, पण 'टाळ' म्हटलं की 'काळ' ते समजत नाही.

तानपुराही निर्दोष नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घडवताना, कारागीर घोडीचा माथा कानसून घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि अचानक तार 'उघडते', म्हणजे वरच्या स्वरांशांचा, मूळ सुरासोबत वाजणाऱ्या उंच सुरांचा, झुबका बाहेर पडतो. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिरबिंदू (न हलणारी जागा) असेल, तो स्वरांश वाजूच नये असं जुना नियम सांगतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम बिनदिक्कत मोडतात, आणि त्याचं श्रेय त्या वक्र घोडीला आहे. बैठकीत हेच वैभव. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, तोच झुबका नेमका व्यंजनांच्या गल्लीत जाऊन बसतो.

तेव्हा आवाज वाढवण्याआधी बाकीच्यांना जागा सोडायला लावा. पेटीचा खर्जाचा स्टॉपर आत ढकलून फक्त नर सुरावर, म्हणजे खर्जाच्या वरच्या पट्ट्यांवर, वाजवून बघा, निम्मा गाळ तिथेच खाली बसतो. ईक्यूमध्ये, म्हणजे वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करायच्या सोयीत, पेटी आणि तानपुरा २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल उतरवा. आणि चांगला साथीदार बैठकीत काय करतो ते आठवा. गवई शब्द टाकत असताना तो हात आवरतो आणि गवयाने श्वास घेतला की भरतो. त्याने बॅसिलर पडद्याचं नाव ऐकलेलं नसतं, इलाज मात्र तोच.

"पण मला हेडफोनवर सगळं स्वच्छ ऐकू येतंय!" येणारच. पेटी डावीकडे पॅन केलेली, म्हणजे डाव्या कानाकडे सरकवलेली, असते. दोन कानांत वेगळं पोचलं की मेंदू त्यातून हवं ते उपसून काढतो. हा फायदा १९४८ मध्ये मोजला गेला, आणि खालच्या सुरांना प्रयोगशाळेत तो १५ डेसिबलपर्यंत भरतो. मावशी मात्र फोन ओट्यावर ठेवून एकाच स्पीकरवर ऐकते, तिच्यासाठी हा फायदा शून्य. म्हणून मिक्स करताना मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एकत्र करायचं, बटण दाबून ऐकायची सवय हवी.

डग्गा घुमतोय असा शेरा आला, तर खोलीवर संशय घ्या. दहा फूट लांब खोलीत ५६ हर्ट्झच्या जवळ उभी लाट (दोन भिंतींमध्ये अडकून जागीच राहिलेली) तयार होते, आणि बरोबर मध्यावर तिचा दाब जवळपास शून्य. तिथे खुर्ची टाकून स्पीकरवर मिक्स कराल तर खर्ज कमी वाटेल आणि तुम्ही तो वाढवून ठेवाल. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून यात काडीचाही फरक पडत नाही. ते फार तर वरच्या सुरांचा थोडा खणखणाट कमी करतात.

आणि गाणं ४३२ हर्ट्झला लावलं की ते 'हील' करतं म्हणणाऱ्यांना हात जोडा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. शिवाय ४४० की ४३२ हा वाद पाश्चात्त्य 'ए' सुराचा. आपल्याकडे कुणाचा सा काळी एक, कुणाचा काळी पाच. मग त्यातल्या कुणाला ब्रह्मांडाची लहर लागायची?

अभिप्राय मागताना "कसं वाटलं?" विचारू नका. उत्तर 'छान' हेच येणार. ज्याला अभंग पाठ नाही अशा माणसाला दुसऱ्या कडव्याचे शब्द लिहून द्यायला सांगा. तुम्हाला ते पाठ आहेत, त्यामुळे हरवलेला 'त' तुमचा मेंदू गुपचूप भरून काढतो. जुना आणि नवा मिक्स तुलनेला पाठवताना दोन्हींचा एकूण आवाज आधी सारखा करा, कारण एखादा डेसिबल जास्त असलेली फाइल मोठी न वाटता 'चांगली' वाटते. स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज करू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कशावर ऐकलं ते विचारा: फोनवर, गाडीत की इअरफोनवर.