फाटकातून बघताना गाडी हळू का वाटते?

रेल्वे फाटक बंद झालं की सगळे मोबाइल काढतात, पण खरी बघण्यासारखी गोष्ट तर तेव्हाच सुरू होते. लांबून येणारी गाडी नीट बघा, बराच वेळ ती जागची हललीच नाही असं वाटतं आणि मग एकदम अंगावर येते. यामागे साधं गणित आहे. समजा गाडी ताशी 108 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 30 मीटरने येतेय आणि आपल्यापासून 600 मीटरवर आहे, तर इंजिनाचं तोंड तेव्हा पूर्ण चंद्राच्या जेमतेम अर्ध्या रुंदीचं दिसतं, ते दुप्पट दिसायला 10 सेकंद लागतात, परत दुप्पट व्हायला 5 आणि मग फक्त अडीच. म्हणजे "अरे, आली की" असं वाटेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो! त्यात मोठी वस्तू असेल तर ती आहे त्यापेक्षा हळू चाललीय असंच आपल्याला वाटतं, हर्शेल लीबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये क्रॉसिंगवरच्या अपघातांबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. त्यामुळे रोज तिथून जाणाऱ्या माणसाचाही अंदाज चुकतो.

मग खरा स्पीड कसा काढायचा? पॅसेंजर गाडीचा डबा साधारण 24 मीटरचा धरा, समोरून सेकंदाला एक डबा जात असेल तर स्पीड झाला ताशी 86 किलोमीटर. हॉर्नही सांगतो. जवळ येताना ध्वनिलहरी दाबल्या जातात, लांब जाताना ताणल्या जातात, म्हणून गाडी पुढे गेली की आवाज उतरतो, आणि 108 च्या स्पीडला तो जवळपास कोमल गंधारावरून षड्जावर येतो. डॉपलर या शास्त्रज्ञाने हे 1842 मध्ये कागदावर मांडलं आणि 1845 मध्ये बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने नेदरलँड्समध्ये चक्क रेल्वेवर ट्रम्पेटवाले बसवून ते तपासलं, मला हा प्रयोग फार आवडतो.

मालगाडीची गोष्ट वेगळी. ड्रायव्हर ब्रेक लावतो तेव्हा गाडीभर गेलेल्या पाइपमधला हवेचा दाब कमी होतो, पण तो बदल आवाजापेक्षाही कमी वेगाने मागे सरकतो, 700 मीटर लांब गाडीच्या शेवटच्या वॅगनपर्यंत पोचायला तीनेक सेकंद जातात. शिवाय मालगाडीचे ब्रेक मुद्दामच सावकाश लागतात, पॅसेंजरमध्ये पूर्ण जोर यायला 3 ते 5 सेकंद तर मालगाडीत बऱ्याचदा 18 ते 30, कारण पुढचे वॅगन आधी थांबले तर मागचे त्यांच्यावर आदळतील. त्यात लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड कमी, आणि वजन काही हजार टन. थांबायला किलोमीटरभर किंवा जास्तही लागतं, म्हणजे ड्रायव्हरला तुम्ही दिसलात तरी तो काही करू शकत नाही.

डबल लाइन असेल तर अजून एक गोष्ट. तीच 700 मीटरची मालगाडी ताशी 50 ने गेली तर पूर्ण जायला 50 सेकंद लागतात, तेवढ्यात पलीकडच्या रुळावरची 108 ची गाडी दीड किलोमीटर कापते, आणि ती दिसतही नाही, वॅगनच्या खडखडाटात तिचा हॉर्नही नीट ऐकू येत नाही. शेवटचा वॅगन जाऊनही गेट उघडत नसेल तर बऱ्याचदा हीच दुसरी गाडी यायची असते.