उंची दाखवणारा स्टँड आणि कल दाखवणारा स्टँड

टेबलावरच्या हवाई युद्धाच्या खेळातल्या छोट्या विमानांसाठी घरीच स्टँड करायला घेणारे बेळगाव-खानापूरकडचे आमचे नवे खेळाडू बहुधा एकाच स्टँडकडून दोन कामांची अपेक्षा करतात. विमान किती उंचीवर आहे हे दाखवणे हे एक काम आणि ते कोणत्या बाजूला किती कलले आहे हे दाखवणे हे दुसरे. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरण्यापूर्वी वळण घेणारे विमान पाहिले की हा फरक लगेच लक्षात येतो. त्याचा एक पंख खाली जातो, पण तेवढ्याने त्याची उंची कमी होत नाही.

उंची हा नियमांचा भाग आहे. कोण कोणावर गोळीबार करू शकतो हे तिच्यावर ठरते. ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ या अशाच खेळामध्ये पारदर्शक खुंट्या एकावर एक चढवून ती दाखवतात. घरी जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल वापरण्याची पद्धत आहे आणि ती दिसतेही छान; मात्र ओतीव धातूच्या विमानाच्या वजनाने तिचे भाग हळूहळू आत सरकतात, आणि डाव ऐन रंगात असताना वाद सुरू होतो. म्हणून जड विमानांसाठी ठरावीक लांबीचे अ‍ॅक्रिलिक दांड्यांचे तुकडेच मी पसंत करतो. ते सुपरग्लूने चिकटवू नयेत, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धूसर डाग पडतात.

कल दाखवणाऱ्या स्टँडची गंमत त्याच्या टोकाशी आहे. सायकलच्या मागच्या चाकात पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे छर्रे असतात. त्यांतला एक दांडीच्या टोकावर एपॉक्सीने बसवावा आणि विमानाच्या पोटात सुमारे ६ मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक. मग विमान हव्या त्या बाजूला कलवता येते. एका बाजूला साधे पोलाद असल्याने चुंबकाची कोणती बाजू खाली ठेवावी हा प्रश्नच उरत नाही. चुंबकाची जागा मात्र नेमकी हवी: विमान पेन्सिलीवर आडवे ठेवून तोल सापडेल तिथेच ते बसवावे, नाहीतर नाक सारखे खाली झुकते. ग्लू गन इथे टाळावी, कारण साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर साध्या प्रतीच्या या चुंबकाची ताकद कायमची घटते.

पावसाळ्यात आमच्याकडे छर्रा पाहता पाहता गंजतो, म्हणून अनेक जण त्याला तेल लावून ठेवतात. ते योग्यच आहे, पण खेळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसणे विसरू नये, कारण विमानाचा कल टिकतो तो चुंबकाच्या ओढीबरोबरच घर्षणावरही, आणि तेलकट छर्ऱ्यावरून विमान घसरते.

दोन्ही कामे एकाच स्टँडवर हवी असतील तर आधी उंचीचा भाग पक्का करावा आणि छर्रा सर्वांत वरच्या तुकड्यावरच बसवावा. कललेल्या विमानाचे वजन एका बाजूला जाते, त्यामुळे पायाही जड हवा. १/१४४ प्रमाणातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ७८ मिलिमीटर भरतात. त्याला ५० मिलिमीटरचा पाया पुरतो, पण त्याखाली लोखंडी चकती चिकटवावी. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तशी टाकाऊ चकती सहज मिळते.