टाक्यांवर हळद नको, आणि आम्ही यायच्या आधी पट्टी सोडू नका

अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन, पित्ताशय. ऑपरेशन कुठलंही असो, आम्ही पेशंटच्या घरी ड्रेसिंग करायला गेलो की बऱ्याचदा पट्टी आधीच सोडलेली असते. "जरा ओलं वाटलं, म्हणून हळद दाबली." हळद घरची, चांगली, मान्य. पण ती निर्जंतुक नसते. शिवाय टाक्यांभोवती लाली आलीय का, हेच आम्हाला बघायचं असतं आणि पिवळ्या थराखाली ती दिसत नाही. वाळलेला थर सलाइनने भिजवून काढण्यात अर्धा तास जातो, पेशंट कळवळतो, तिकडे नाशिकच्या सिडकोतून पुढच्या पेशंटचे फोन सुरू. पावडर, खोबरेल यांचंही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून जखम साफ झाली असं वाटतं, पण त्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात.

पट्टीवर डाग दिसला तर ती न सोडता व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा. फोटो बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

"रोज का येत नाही?" फेऱ्या वाढल्या तर कमाई आमचीच, तरी नाही म्हणतो. शिवलेली कोरडी जखम साधारण 48 तासांत वरून मिटते. पुढे पट्टी कधी बदलायची ते सर्जन ठरवतात. भिजली, सुटली, वास आला तर मात्र लगेच कळवा. ड्रेसिंगच्या किटचे पैसे वेगळे का? उघडलेलं किट आम्ही दुसऱ्या घरी नेत नाही, आणि जुनी पट्टी काढली की ग्लोव्ह्जही बदलतो. यात घासाघीस नको.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर घरी पोटावर रेझर फिरवू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. गरज असलीच तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, केस काढतात. शुगर ताब्यात ठेवा, बिडी-सिगारेट निदान 4 आठवडे आधी सोडा.

टाके निघाले म्हणून लगेच रामकुंडात डुबकी नको, जखम पूर्ण भरू द्या. संसर्ग 30 दिवसांपर्यंत दिसू शकतो, हर्नियात जाळी बसवली असेल तर 90 दिवस लक्ष ठेवतात. लाली पसरली, पू आला, दुखणं वाढलं किंवा ताप 100.4 च्या वर गेला, तर आधी सर्जनला फोन करा, मग आम्हाला. अँटिबायोटिक आम्ही आमच्या मनाने देत नाही, मागूही नका.

आम्ही येणार त्या दिवशी डिस्चार्ज कार्ड काढून ठेवा आणि पलंग उजेडाकडे ओढा. चहा ड्रेसिंग झाल्यावर.