एकट्याने कोकण : चार खाड्या, आठ रात्री

ठाण्याहून एकट्याने निघणाऱ्यांना आम्ही मार्ग आखून देतो आणि घरगुती मुक्काम ठरवून देतो. गाईड नाही, ग्रुप नाही, स्वतःची गाडीही नको. प्रवास एसटीने, फेरीबोटीने आणि थोडा पायी. पैसे भरण्याआधी हे पत्रक वाचा. वाचून बेत बदलला तरी आमची हरकत नाही.

सगळी आखणी एकाच नियमावर उभी आहे : एका दिवसात एकच खाडी. मुरूडला एक रात्र, हरिहरेश्वरला दोन, आंजर्ल्याला दोन, गुहागरला दोन, गणपतीपुळ्याला एक. या पाच गावांमध्ये आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार फेऱ्या येतात. बोट पलीकडे पोचवायला दहा-वीस मिनिटे घेते, पण एसटी बोटीची वाट बघत थांबत नाही. धक्क्यावर उतरल्यावर पुढची गाडी दोन तासांनी असू शकते, म्हणून एका दिवसात दोन खाड्या धरल्या की संध्याकाळ हमखास कुठल्यातरी पारावर जाते. मधल्या वेळेला रायगडात मिनिडोर (सहा सीटची रिक्षा) आणि सावित्री नदीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात वडाप (सीटवर माणसे घेणारी खासगी गाडी) किंवा रिक्षा. भाडे बसण्याआधी ठरवा, आणि ‘सीटवर की स्पेशल’, म्हणजे एका जागेचे भाडे की पूर्ण गाडीचे, हे विचारा. एकट्याला स्पेशल पडली तर दिवसाचे गणित कोलमडते.

सगळ्यात अवघड टप्पा हरिहरेश्वर–आंजर्ले. वेशवीला उतरल्यावर थेट गाडी मिळेल असे धरू नका. मंडणगड गाठा, तिथून दापोली, दापोलीहून आंजर्ले. सकाळी लवकर निघालात तर उजेडी पोचता. हा दिवस दुसऱ्या कशासाठी वापरू नका, वेळासला जायचे असेल तर वेगळी रात्र धरा. कासवांची पिल्ले समुद्रात सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चचा, आणि त्या दिवसांत तिथली घरे आधीच भरतात.

एसटीची एक गोष्ट नीट समजून घ्या. गावातून पहाटे सुटणारी पहिली गाडी ही बहुतेकदा मुक्कामी गाडी असते, म्हणजे रात्री तालुक्याहून येऊन गावातच वस्तीला राहिलेली. ती वेळेवर सुटते, कारण ती तिथेच उभी असते. पण आदल्या रात्री ती आलीच नाही, तर सकाळची फेरीही नाही. म्हणून झोपण्याआधी यजमानांना एवढेच विचारा : ‘वस्तीची गाडी आली का?’ दुपारच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात, त्या रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत धावत नाहीत. गणपती आणि शिमग्याला गाड्या मुंबईच्या जादा फेऱ्यांना जातात, तेव्हा गावातल्या फेऱ्या कमी होतात. या दोन सणांच्या आठवड्यांत आम्ही एकट्यांची आखणी घेत नाही.

स्टँडवरच्या फळ्यावरची वेळ ही त्या डेपोतून सुटण्याची असते. मधल्या थांब्यावर उभे असाल तर ती उपयोगाची नाही, चौकशीच्या खिडकीवर विचारा. ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, पण तो लांब पल्ल्याला परवडतो. रोज थोडेच अंतर कापणाऱ्याने सुटी तिकिटेच काढावीत.

मुक्काम ठरवताना दोन मुरूड वेगळी ठेवा. जंजिऱ्याचे मुरूड रायगडात, दुसरे दापोली तालुक्यात. ऑनलाइन खोली घेताना चूक इथेच होते, आणि ती कळते तेव्हा मध्ये दोन खाड्या असतात. काही लॉजवाले एकट्याला, विशेषतः एकट्या पुरुषाला, खोली देत नाहीत. त्यांना धास्ती वाटते. घरगुती निवासात नाव, आधार आणि येण्याची वेळ आधी कळवली की प्रश्न उरत नाही. खोलीचे भाडे मात्र बहुधा पूर्ण द्यावे लागते, जेवण माणशी. दुपारचे जेवण हवे तर सकाळीच सांगा. मासे त्या हिशेबाने आणले जातात. एका माणसासाठी उकडीचे मोदक करा म्हणणे यजमानांच्या जिवावर येते, दुसरे पाहुणे असतील त्या दिवशी मागा.

सामान पाठीवरच्या एका सॅकमध्ये, सात किलोच्या आत, म्हणजे भरल्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसता येते. कपड्यांचे तीन जोड, टॉर्च, दोन लिटर पाणी, ओआरएसची चार पाकिटे, नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा. रेंज गेली की मोबाइलवरचे पैसेही गेले, आणि एटीएम धरायचे ते तालुक्याच्या गावातच. रोजचा ठावठिकाणा घरच्या एका माणसाला कळवा. अडचणीत 112.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे आंजर्ल्याजवळच्या हर्णै बंदरातला मासळीचा लिलावही नसतो. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद आणि कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे.

परतीचे तिकीट सगळ्यात आधी काढा, रत्नागिरी ते ठाणे. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. एकट्याला आरएसी मिळाले तरी घ्या, निदान बसायची जागा पक्की होते. ऑनलाइन तिकीट वेटिंगमध्येच राहिले तर चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे, स्टँडवरून रिक्षाचा वेळ धरा.

नौपाड्यातल्या कार्यालयात येताना ते तिकीट आणि ओळखपत्राची प्रत आणा. आखणी आम्ही परतीच्या तारखेपासून मागे मोजत करतो.