ठासणीची मोठ्या बोअरची शिकारी रायफल

तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, आतून पेचदार खाचा पाडलेली जाड भोकाची बंदूक. मोठं बोअर कुठपासून म्हणायचं यावर एकमत नाही. अमेरिकेत .५४ इंचाच्या पुढचं, म्हणजे .५८, .६२ वगैरे मोठं धरतात, पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांच्या हिशोबात १६ बोअर (साधारण .६६ इंच) ही मधलीच बंदूक, आणि मोठी म्हणजे ८ किंवा ४ बोअर. बोअरचा आकडा म्हणजे एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या किती गोळ्या बसतात तो, म्हणून १२ बोअरची गोळी ५८३ ग्रेनची (एका पौंडात ७००० ग्रेन) आणि ४ बोअरची थेट पाव पौंडाची. पारंपरिक म्हणताना बाजूला बसवलेलं लॉक (बार पेटवणारी यंत्रणा), बाहेर दिसणारा घोडा, चकमक किंवा टोपी (ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची छोटी वाटी), सुटी काळी दारू आणि नेम धरायची उघडी साइट एवढं गृहीत असतं. १९८५ मध्ये आलेल्या नाइट एमके-८५ नंतर पसरलेल्या इनलाइन (टोपी थेट नळीच्या मागे, सरळ रेषेत बसणाऱ्या) बंदुका यात येत नाहीत, त्या ठासणीच्या असल्या तरी स्वभावाने आधुनिक रायफलीच आहेत.

उगमाचा वाद

नळीत खाचा पाडायची कल्पना कुणाची हे ठरत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत दोन नावं आलटून पालटून येतात, एक व्हिएन्नाचा गास्पार्ड कोलनर, याला पंधराव्या शतकाच्या शेवटी टाकतात, आणि दुसरा न्युरेंबर्गचा ऑगस्ट कॉटर, याला १५२० च्या आसपास. १४९८ च्या सुमाराला लायपझिगच्या नेमबाजी स्पर्धेत खाचांच्या नळ्या होत्या असंही सांगतात, आणि ते खरं धरलं तर कॉटर पहिला असूच शकत नाही, फार तर त्याने आधीची गोष्ट सुधारली असेल. शिवाय सुरुवातीच्या काही खाचा सरळ होत्या, त्या गोळी फिरवायला होत्या की जळक्या दारूचा मळ साठवायला जागा म्हणून, यावरही दोन मतं आहेत. एका माणसाला श्रेय देण्यापेक्षा दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या शहरांतल्या कारागिरांच्या हातून दोन-तीन पिढ्यांत ही गोष्ट घडत गेली असं मानणं जास्त पटतं, कारण बाणाला तिरकी पिसं लावली की तो फिरत सरळ जातो हे तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतंच.

तिथूनच पुढे येगर (जर्मनमध्ये शिकारी) रायफल आली, आखूड, जाड नळीची, साधारण .५४ ते .६५ मापाची, जंगलात जवळून रानडुक्कर आणि सांबरासारखी मोठी हरणं मारायला. जर्मन कारागीर अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात गेले आणि तिथे नळी लांब आणि भोक बारीक होत गेलं, बहुधा शिसं-दारू महाग आणि जनावर लहान म्हणून. मग शिकारी पश्चिमेला बायसन आणि ग्रिझलीच्या मुलखात पोचले तेव्हा भोक परत मोठं झालं आणि नळी परत आखूड. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन भावांची रायफल याच वळणाची, बरेचदा .५० ते .५४ ची, वजनाला दहा पौंडांच्या आसपास. जेकब १८४९ च्या कॉलऱ्यात गेला, सॅम्युएल १८८४ पर्यंत जगला. आज बाजारात हॉकन म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचा या भावांच्या बंदुकीशी नावापलीकडे फारसा संबंध नाही, पितळी सजावट आणि हलकी नळी बघितली की ते लगेच कळतं.

टोपीचंही तसंच. स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर जॉन फोर्सिथने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं हे नक्की, पण त्या मसाल्याची तांब्याची टोपी पहिल्यांदा कुणी केली यावर जोशुआ शॉ, जोसेफ एग, जोसेफ मँटन, कर्नल हॉकर, पॅरिसचा प्रेला अशी दावेदारांची रांगच आहे. शॉने स्वतः १८१४ पासूनचा दावा सांगितला, अमेरिकन पेटंट मात्र १८२२ चं. प्रेलाचं फ्रेंच पेटंट साधारण १८१८ चं, त्यामुळे कागदावर तो पुढे दिसतो, पण शॉचा दावा सरळ फेटाळावा असंही काही हाती नाही.

गोळी, फेर आणि दुसरा फोर्सिथ

खरेदीदाराने सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट ही की बोअर वाढवून वेग मिळत नाही, वजन मिळतं. गोल गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, .५० च्या बंदुकीतली .४९० ची गोळी १७७ ग्रेन, .५४ मधली .५३० ची २२४, .५८ मधली .५७० ची २७८, .६२ मधली .६१० ची ३४० च्या आसपास आणि .७२ मधली .७१५ ची जवळजवळ ५५०. म्हणजे .५० वरून .६२ वर गेलं की भोक पाव पटच वाढलं आणि गोळी मात्र जवळजवळ दुप्पट जड झाली. गोल गोळी हवेत फार लवकर दमते, तोंडाशी सेकंदाला १८०० फूट असली तर १०० यार्डांवर वेगाचा साधारण तिसरा हिस्सा गेलेला असतो, पण जड गोळीचा वेग त्यामानाने कमी घटतो आणि जखमेचं भोक मुळातच रुंद असतं, मऊ शिसं फुलो न फुलो. जाड कातड्याच्या जनावरांसाठी तेव्हाचे शिकारी शिशात कथील किंवा पारा घालून गोळी कडक करायचे. सॅम्युएल बेकरने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून २१ पौंड वजनाची ४ बोअरची दोन खाचांची रायफल करून घेतली आणि सिलोनात हत्तींवर वापरली, दारू १६ ड्रॅम (म्हणजे एक औंस), जी आज कुणी खांद्यावर घेऊ नये.

फेर म्हणजे खाच किती इंचांत एक पूर्ण वळसा घेते ते. या प्रश्नावर जेम्स फोर्सिथचं मत अजून मोजलं जातं (टोपीवाल्या पाद्रीबुवांशी याची गल्लत नको, हा मध्य प्रांतात नोकरीला असलेला, सातपुडा आणि पचमढीच्या जंगलांत फिरलेला लष्करी अधिकारी). १८६० च्या दशकात त्याने मांडलं ते असं, फेर जलद असला आणि दारू भरपूर घातली की गोल गोळी खाचा धरत नाही, सरळ घसरत निघते, मग शिकाऱ्याला दारू कमी करावी लागते आणि गोळीचा मार्ग कमानीसारखा होतो. म्हणून खाचा उथळ आणि रुंद ठेवा, मधल्या उंच पट्ट्या अरुंद ठेवा, फेर अगदी संथ ठेवा, आणि दारू पोटभर घाला. १४ बोअरसाठी त्याने धरलेला फेर १०४ इंचांना एक. अंतराचा अंदाज जंगलात चुकतोच, त्यामुळे सपाट मार्गाला तो एवढं महत्त्व देत होता आणि ते रास्तच होतं.

आज मात्र या १०४ वर सरळ जाऊ नये असं वाटतं. इतका संथ फेर हलक्या बारावर (एका वेळी भरलेल्या दारूवर) बरेचदा नेम धरत नाही, त्याला जड बार लागतो आणि जड बाराचा धक्का सगळ्यांना सोसत नाही. दुसऱ्या टोकाला ४८ इंचांचा फेर, जो १९७० मध्ये आलेल्या थॉमसन सेंटर हॉकनमध्ये उथळ खाचांसकट होता, गोल आणि लांबट दोन्ही गोळ्या चालाव्यात म्हणून केलेली तडजोड. गंमत म्हणजे मूळ हॉकन भावांच्या नळ्यांतही फेर ४८ च्या आसपासच असायचा असं मानणारे बरेच जाणकार आहेत, त्यामुळे ४८ म्हणजे वाईट असं नाही, खाचेची खोली जास्त महत्त्वाची. पॅचमधल्या (गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाच्या तुकड्यातल्या) गोल गोळीला खोल खाच, साधारण .०१० ते .०१६ इंच, आणि लांबट शिशाच्या गोळीला त्याच्या निम्म्याहून कमी. .५८ ते .६२ मध्ये गोल गोळीच वापरायची तर ६० ते ७२ इंचांच्या मधला फेर आणि खोल खाच ही निवड बहुतेकांना पुरते. कॅटलॉगमध्ये फेर दिला नसेल तर विचारावं, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर गजावर घट्ट कापड गुंडाळून गज खाली ढकलत किती फिरतो ते मोजावं, गजाची मूठ मात्र फिरती हवी.

खरेदीत बघायच्या गोष्टी

तयार बंदुकांत .५४ सहज मिळते, .५८ कमी आणि .६२ च्या पुढे गेलं की बहुतेक वेळा कारागिराकडे किंवा किटकडे (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या संचाकडे) जावं लागतं. इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया गावात पेडरसोलीसारखे कारखाने आहेत, त्यांची कोडियाक ही दुनळी रायफल .७२ मध्येही निघाली. लायमनची ग्रेट प्लेन्स .५० आणि .५४ मध्ये होती, फेर ६० इंच, तिच्याच हंटर नावाच्या भावंडाचा फेर ३२ इंच, लांबट गोळीसाठी, आणि जुन्या बाजारात या दोघींची अदलाबदल होऊन फसगत होते म्हणून नळीवरचं लिखाण वाचूनच पैसे द्यावेत.

नळीचं बाहेरचं माप तेच ठेवून भोक मोठं केलं की बंदूक हलकी होते, एक इंची अष्टकोनी नळी .५४ ला जड वाटते आणि .६२ ला छान उचलली जाते. पण हलकी बंदूक आणि जड गोळी म्हणजे धक्का, त्यात दस्त्याचा मागचा भाग चंद्रकोरी असेल तर त्याची टोकं खांद्यात रुततात. मोठ्या बोअरला सपाट, रुंद मागची पट्टी घ्यावी, हे एकच सांगायचं झालं तरी सांगावं.

वापरलेली बंदूक हातात आली की आधी ती रिकामी आहे का ते बघायचं, कितीही खात्रीचा माणूस विकत असला तरी. गज नळीत सोडून तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा, टोक निपलपर्यंत (ज्यावर टोपी बसते ती बोंडी) किंवा चकमकीच्या बंदुकीच्या कानापर्यंत (ठिणगी आत जायचं भोक) पोचत नसेल तर आत बार आहे. लोखंडी गज रिकाम्या नळीत खण्णकन वाजतो, भरलेल्या नळीत धप्प आवाज येतो. मग उजेड टाकून तळ बघायचा, कारण गंज तोंडाशी नसतो, तो बार बसतो तिथे मागच्या चार-सहा इंचांत असतो, आणि तिथे ओला पॅच अडखळत असेल, धाग्याचे पुंजके सोडत असेल तर नळी खाल्लेली आहे. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबावा, घोडा हललाच नाही पाहिजे. जमलं तर दोन-चार बार मारून समोर पडलेले पॅच उचलावेत. चांगला पॅच मधे काळसर, कडेने झालरीसारखा आणि अख्खा असतो, खाचांच्या रेषेत कापलेला असेल तर पट्ट्यांना धार आहे किंवा पॅच पातळ आहे, मधेच जळून भोक पडलं असेल तर गोळी सैल आहे.

साइट, माशीची उंची वगैरे सवयीने जमतं.

कायदा आणि दारू

अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्यात काळ्या दारूची, तयार काडतूस न घेणारी ठासणीची रायफल अँटिक धरली जाते आणि नेहमीच्या बंदुकीचे खरेदीचे नियम तिला लागत नाहीत, पण राज्यांचे कायदे वेगळे असतात आणि शिकारीचे तर आणखी वेगळे. कोलोरॅडोत मझललोडर म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या सीझनला हरणासाठी किमान .४० आणि एल्क-मूससाठी किमान .५० लागते, पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा सीझन फक्त चकमकीच्या बंदुकीचा. मोठ्या बोअरवाल्याला किमान मापाची चिंता नसते, त्याने साइट, गोळीचा प्रकार आणि लॉकचा प्रकार त्या वर्षीच्या नियमात बघावा. भारतात शिकारच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे फोर्सिथच्या जंगलात हा विषय आता इतिहासाचा.

काळी दारू स्फोटक म्हणून मोजली जात असल्याने ती ठेवणारी दुकानं थोडी. तिच्या दाण्याची जाडी एफच्या संख्येने सांगतात, एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. मोठ्या नळीत दोन एफ किंवा एक एफ घालतात, तीन एफ लहान बोअरचा. पायरोडेक्ससारखे पर्याय टोपीवर चालतात पण त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून चकमकीच्या बंदुकीत ते भरवशाचे नाहीत. चकमकीची घ्यायची असेल तर खरी काळी दारू आपल्या भागात मिळते का, हे लॉक पसंत करण्याच्या आधी बघून घ्यावं, नाहीतर टोपीचीच घ्यावी.