कंपायलरचं सर्टिफिकेट : कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा प्रोजेक्टच्या दिवसांत ठरलेला प्रश्न : ‘आमचा कंपायलर स्टँडर्डला धरून आहे, याचं सर्टिफिकेट कुठनं काढायचं?’

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम, आणि स्टँडर्ड म्हणजे त्या भाषेची ठरलेली नियमावली. सी भाषा असेल तर सर्टिफिकेट कुठूनच नाही. आयएसओ ९८९९ हे सीचं स्टँडर्ड आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था प्रसिद्ध करते, पण कंपायलर तपासून त्यावर शिक्का मारत नाही. अर्जापासून दाखल्यापर्यंतची रीत लिहून ठेवलेली आहे ती अ‍ॅडा भाषेसाठी, आयएसओ १८००९ (१९९९) मध्ये.

पात्रता : अर्ज सहसा कंपायलर बनवणारा करतो. दाखला निघतो तो ठरावीक व्हर्जनचा, तोही कंपायलर कुठल्या मशीनवर चालतो आणि कुठल्या मशीनसाठी कोड काढतो, हे नमूद करून.

कागद आणि क्रम : आधी मान्यताप्राप्त लॅबशी करार. मग अ‍ॅकॅट्स हा चाचणीसंच स्वतः चालवून त्याचे निकाल द्यायचे, एखादी चाचणीच चुकीची वाटली तर तसा आक्षेप घ्यायचा. त्यानंतर लॅबच्या माणसासमोर पुन्हा चाचणी, अहवाल आणि शेवटी सर्टिफिकेट.

खरी गंमत चाचण्यांत आहे. ‘सी’ वर्गातले प्रोग्राम चालून स्वतःच पास-नापास सांगतात. ‘बी’ वर्गातले मुद्दाम चुकीचे लिहिलेले असतात. कंपायलरनं त्यातली प्रत्येक चूक पकडायची, आणि बरोबर ओळीला हात लावायचा नाही. तरीही ही तपासणी नमुन्यापुरतीच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत नमुन्याचा ओतीव तुकडा (टेस्ट बार) मोडून बघतात, प्रत्येक कास्टिंग कोणी मोडत नाही, तसंच हे. वेगाची हमी तर नाहीच : १९८३ मध्ये पहिला दाखला मिळवणारा न्यूयॉर्क विद्यापीठाचा ‘अ‍ॅडा-एड’ कमालीचा संथ होता.

आता सीवाल्यांनी काय करायचं? स्टँडर्डची कंपायलरकडून अपेक्षा थोडक्यात अशी : नियमात काटेकोर बसणारा प्रोग्राम स्वीकारावा, व्याकरणाचा किंवा बंधनाचा भंग झाला की निदान एक संदेश द्यावा, आणि जिथं निवड कंपायलरवर सोडली आहे (अक्षर साठवणारा साधा ‘कॅर’ प्रकार ऋण आकडे धरतो की नाही, वगैरे) तिथं आपण काय निवडलं ते लिहून ठेवावं. म्हणजे मागायचा कागद हा : मॅन्युअल. जीसीसी या फुकट मिळणाऱ्या कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये यासाठी वेगळं प्रकरणच आहे. संदेश म्हणजे एरर असं मात्र नाही, नुसती वॉर्निंग देऊन प्रोग्राम पुढे गेला तरी नियम पाळला गेला.

कॉलेजच्या काही लॅबमध्ये अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरची निळी स्क्रीन आहे. तिथला प्रोग्राम घरी लिनक्सवर आणला की ‘कोनिओ’ हेडर (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची फाईल) सापडत नाही म्हणून अडतो. दोष नव्या कंपायलरचा नाही. ते हेडर स्टँडर्डमध्ये कधी नव्हतंच.

जीसीसी काही न सांगता चालवला तर स्वतःच्या जीएनयू बोलीत, म्हणजे स्टँडर्डबाहेरच्या काही सोयी धरून, चालतो. म्हणून ‘सी १७’ (स्टँडर्डची कुठली आवृत्ती धरायची ते) आणि ‘पेडँटिक एरर्स’ (नियमभंगाला वॉर्निंगऐवजी एरर) हे दोन्ही ऑप्शन द्या, आणि रिपोर्टात ‘स्टँडर्डप्रमाणे’ एवढंच न लिहिता व्हर्जन, हे ऑप्शन आणि उरलेल्या वॉर्निंग लिहा.