आवक (मुंबईचे बाजार)

आवक : विक्रीसाठी बाजारात येऊन पडलेला माल, तसेच तो येण्याची क्रिया. अर्थशास्त्रातील ‘पुरवठा’ आणि ‘आवक’ या संज्ञा बोलताना एकाच अर्थाने वापरल्या जातात; त्यांत फरक आहे. निरनिराळ्या भावांना विक्रेते जेवढा जेवढा माल द्यायला तयार होतील, त्या साऱ्याला मिळून पुरवठा म्हणतात. आवक म्हणजे आज पहाटे गाड्यांतून प्रत्यक्ष उतरलेला माल. पालेभाजी, मासळी, फुले असा नाशवंत माल उतरल्यावर परत नेता येत नाही आणि उद्यापर्यंत टिकत नाही. त्यामुळे त्या दिवसापुरता पुरवठा म्हणजे आवकच. मुंबईत पिकते फारसे काही नाही आणि खाणारी तोंडे दीड-दोन कोटींच्या घरात. या शहराच्या रोजच्या भावांचा उलगडा म्हणून आवकेपासून सुरू करणेच योग्य.

व्युत्पत्ती : मराठीत ‘आवक-जावक’ ही जोडी बाजारात आणि कचेरीत सारखीच रुळलेली आहे. ‘जावक’ हा शब्द ‘जाणे’ या क्रियापदावरून सहज समजतो. ‘आवक’चे तसे नाही. मराठीत त्या अर्थाचे क्रियापद ‘येणे’ आहे. ‘आव-’ या अंगाचे क्रियापद प्रमाण मराठीत नाही. संस्कृत ‘आ + वह्’ (आणणे) या धातूकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण मग तिच्या जोडीदाराची, ‘जावक’ची, व्यवस्था लागत नाही, दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेले उघड दिसतात. गुजरातीत ‘आववुं’ आणि ‘जवुं’ ही क्रियापदे आहेत आणि ‘आवक’ हा शब्द ‘उत्पन्न’ या अर्थानेही नित्य वापरात आहे. हिंदीतही ‘आवक’ चालतो. मुंबईच्या घाऊक व्यापारातील गुजराती व कच्छी पेढ्यांचे वजन पाहता शब्द गुजरातीमार्गे आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र तो देशावरच्या बाजारांतही तितकाच घरचा झालेला असल्यामुळे एकट्या मुंबईला त्याचे श्रेय देता येत नाही.

बाजार : क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९), भायखळा आणि मशीद बंदर ही घाऊक व्यापाराची जुनी ठिकाणे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली आणि घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे वाशी-तुर्भे परिसरात गेले : कांदा-बटाटा १९८१ मध्ये, भाजीपाला व फळे १९९६ मध्ये. आवक तिथे गाड्यांत मोजतात. भाजीपाल्याच्या एरवीच्या दिवशी साधारण ५०० ते ६०० गाड्या येतात. नाशिक, पुणे, सातारा, सांगलीकडच्या आणि परराज्यांतल्याही. माल गाळ्यावर उतरवतात ते माथाडी कामगार. त्यांनी काम थांबवले, की शेतात माल असूनही शहरात आवक शून्य होते.

भाव ठरण्याची रीत : पहाटेच्या पहिल्या तासाभरात गाळ्यावरचे आडते (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणारे व्यापारी) आलेल्या गाड्यांचा अंदाज घेतात, आणि दादर, कुर्ला, बोरिवलीहून आलेले किरकोळ विक्रेते एकमेकांचा. कोथिंबिरीच्या गाड्या कमी दिसल्या की जुडीचा भाव पहिल्या बोलीतच चढतो. पावसात भिजलेला माल जास्त आला, तर सकाळी सातनंतर तो मिळेल त्या भावाला काढून टाकावा लागतो. एकाच दिवशी, एकाच बाजारात, एकाच भाजीचे दोन भाव होतात ते यामुळे.

आवक थोडी घटली तरी भाव फार का चढतात, हा या विषयातला कळीचा प्रश्न. त्याचे सर्वांत जुने आकडेवार उत्तर इंग्लंडमधील धान्याविषयी आहे. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो. तूट दोन दशांश असेल तर वाढ आठ दशांश, तीन असेल तर सोळा, चार असेल तर अठ्ठावीस आणि पाच असेल तर पंचेचाळीस दशांश. म्हणजे पीक निम्मे आले, तर भाव मूळच्या साडेपाच पट. हा नियम सतराव्या शतकातील इंग्रज आकडेतज्ज्ञ ग्रेगरी किंग याच्या नावाने प्रसिद्ध असला, तरी तो छापील रूपात आला १६९९ मध्ये, त्याचा समकालीन अर्थलेखक चार्ल्स डॅव्हेनंट याच्या लेखनात. किंगचे मुख्य लेखन त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. त्यामुळे नियम नेमका कोणाचा, यावर एकमत नाही. दोघांची नावे जोडून घेण्याची प्रथा न्याय्य आहे. आकडे जसेच्या तसे आजच्या कांद्याला लावणे चूक ठरेल, पण त्यामागचे कारण तेच आहे : फोडणीला कांदा लागतोच. भाव दुप्पट झाला म्हणून घरातली खरेदी निम्मी होत नाही, आणि उरलेल्या मालासाठी सगळेच थोडे थोडे जास्त मोजतात.

कांदा : उन्हाळ कांदा साधारण एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत, म्हणजे कांद्यासाठी बांधलेल्या हवेशीर कोठारात, साठवतात, तोच सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. खरिपाचा लाल कांदा त्यानंतर येतो आणि तो टिकत नाही. मधल्या काळात चाळीतला माल सडला किंवा परतीच्या पावसाने उभे पीक झोडपले, तर वाशीला पोहोचणाऱ्या गाड्या रोडावतात. १९९८ मध्ये असेच झाले आणि त्याचा फटका दिल्ली व राजस्थानातील सत्ताधाऱ्यांना निवडणुकीत बसला. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली, तरी डिसेंबरात मुंबईत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांवर गेला आणि तुर्कस्तान व इजिप्तचा कांदा बाजारात दिसू लागला. मोठ्या आकाराचा तो कांदा गृहिणींना चवीला पसंत पडला नाही. पावभाजीच्या गाड्यांवर चिरलेल्या कांद्याच्या जागी कोबी आला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात पुन्हा बंद झाली आणि मे २०२४ मध्ये खुली झाली. शहरातल्या भावासाठी केलेल्या या बंदीची किंमत नाशिककडच्या लासलगाव-पिंपळगावच्या कांदा शेतकऱ्याच्या खिशातून भरली जाते. मुंबईकराने हे विसरू नये.

मासळी : इथे मागणीची बाजू अधिक स्पष्ट दिसते. यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरची आवक आटते; पापलेट-सुरमईचे भाव चढतात. जुन्या कोळी व कोकणी घरांनी याची तजवीज आधीच केलेली असते : आगोटीची (पावसाळ्याआधीची) खरेदी म्हणून सुके बोंबील, सोडे, जवळा मे महिन्यातच डब्यांत भरला जातो. अशी साठवण टंचाई कमी करते, कारण सुगीतली मागणी वाढते आणि टंचाईतली घटते. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात तेव्हा श्रावण चालू असतो. म्हणजे आवक वाढू लागते नेमकी त्याच वेळी, जेव्हा अनेक मराठी घरांत मासळी शिजत नाही. गणपती उठल्यावर गिऱ्हाईक परत येते आणि कोळणीच्या पाटीतला वाटा पुन्हा लहान होतो.

किरकोळ बाजारातील खुणा : भाववाढीची पहिली खूण भावफलकावर नसते. भाजीवाली पिशवीत चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या वर टाकायची थांबते, ती पहिली. दुसरी म्हणजे किलोचा भाव विचारला तरी पावकिलोचा सांगितला जातो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा दोन्ही खुणा गल्लोगल्ली होत्या.

बांधलेला भाव : भाव वर जाऊ दिला नाही, तर तूट रांगेच्या रूपाने दिसते. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये, युद्धकाळात आले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या साखर, तेल, रॉकेलाच्या टंचाईमुळे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके भाव बांधण्याला सरसकट दोष देतात. परंतु रेशनच्या दुकानाशिवाय गिरणगावाने ती वर्षे कशी काढली असती, याचा विचार केल्याशिवाय तो दोष मान्य करणे कठीण आहे. घरभाड्याचे उदाहरण सर्वज्ञात आहे : १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि जागेची खरी किंमत पागडीतून, म्हणजे जागा भाड्याने देताना वरून घेतलेल्या एकरकमी पैशांतून, वसूल होऊ लागली.

आवकेचे आकडे : २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. तेव्हापासून काही माल शेतकरी गटांकडून, साखळी दुकानांच्या व ऑनलाइन विक्रेत्यांच्या गोदामांतून थेट शहरात येतो आणि वाशीच्या फाटकावर मोजला जात नाही. वर्तमानपत्रांत ‘आवक घटली’ असे छापून येते, तेव्हा ती घट वाशीची असते. पूर्ण शहराची असेलच असे नाही.